अगरचं तेल: कुकर, गोठा आणि एजंट

मागच्या वेळी उदबत्तीच्या मसाल्याबद्दल लिहिताना मी जाता जाता एक ओळ टाकली होती की अस्सल अगरचं तेल तोळ्यावर विकतात. झालं, त्या एका ओळीनं महिनाभर माझा फोन तापलाय. कुणाला झाडं लावायचीत, कुणाला कुकरमध्ये तेल काढायचंय, कुणाच्या भावानं मस्कतहून बाटली पाठवली आणि ती उघडल्यावर घरात भांडण झालं. म्हणून हा अख्खा स्तंभ अगरवर, म्हणजे ज्याच्या सुवासिक लाकडावरून अगरबत्तीला नाव पडलं त्या झाडावर. मी पंधरा-वीस वर्षं सुगंधी तेलांच्या धंद्यात केमिस्ट म्हणून घालवली, आसामात होजाईला दोनदा जाऊन आले, त्यातलं जे डोळ्यांनी बघितलंय आणि नाकानं सोसलंय त्यावरून लिहितेय. काही प्रश्न सारखेच होते ते एकत्र केलेत, रागावू नका.

ताई, कुडाळजवळ आमची सुपारीची बाग आहे. एक एजंट येऊन गेला, अगरची दोन रोपं फुकट ठेवून गेला. म्हणतो शंभर झाडं लावा, आठ वर्षांत प्रत्येक झाडाचे लाख रुपये, तेल काढायचं युनिट पण आम्हीच बसवून देतो. लावू का? – एक बागायतदार

दादा, फुकटची दोन लावून टाका, सदाहरित झाड आहे, भराभर वाढतं, बागेत काही वाईट दिसणार नाही. पण शंभरचा हिशोब मांडायच्या आधी एक गोष्ट पक्की डोक्यात बसवा, अगरच्या झाडात अगर नसतो. म्हणजे निरोगी झाड तोडलंत तर आत पांढरट, हलकं, मऊ लाकूड निघतं, वास शून्य, फार तर खोकी बनवा त्याची. अगर होतो तो झाड आजारी पडल्यावर. आसामात काय होतं की खोडात एक अळी शिरते, ती आत बोगदे पाडत जाते, त्या बोगद्यांतून बुरशी शिरते, आणि झाड त्या बुरशीला अडवायला स्वतःच्याच लाकडात राळ भरत बसतं, एक-दोन महिने नाही, वर्षानुवर्षं. तेवढा भाग काळपट होतो, जड होतो, इतका जड की चांगला तुकडा पाण्यात टाकला की तळाला जातो. ती राळ म्हणजे अगर. आणि हे काही आजच्या शास्त्रज्ञांनी शोधलेलं नाही हो, अमरकोशात अगरूला जी नावं दिलीत त्यात एक नाव आहे 'कृमिज', किड्यापासून झालेला. एजंटच्या रंगीत माहितीपत्रकात किड्याचं नाव असतं का ते बघा जरा.

आता तो म्हणेल किडा कशाला, आम्ही इंजेक्शन देतो. देतात, खरं आहे. खोडाला ड्रिलनं भोकं पाडून त्यात बुरशीचं द्रावण सोडतात, काही ठिकाणी नुसते खिळे ठोकतात, व्हिएतनामकडे भोकात प्लास्टिकच्या नळ्या बसवून जखम उघडी ठेवायची पद्धत निघाली, आपल्याकडे जोरहाटची वर्षावन संशोधन संस्था यावर बरीच वर्षं काम करतेय. म्हणजे थाप नाही ही. पण इंजेक्शननंतर अजून दोन-तीन वर्षं तरी थांबावं लागतं, आणि मग निघतो काय? हे मी तुम्हाला माझ्या मावसभावाच्या अंगणातलं सांगते. त्यानं अशीच कुणाकडून तरी चाळीस रोपं घेतली होती, नऊ वर्षांनी एक झाड तोडून ओंडका उभा चिरला आणि मला बोलावलं. आत काय, तर प्रत्येक भोकाभोवती पेन्सिलीएवढी तपकिरी रेघ, वरखाली वीतभर गेलेली, बाकी सगळं पांढरंफेक. ती रेघ पटाशीनं खरवडून काढायला आम्हा दोघांना अख्खी दुपार लागली आणि हातात आला मूठभर भुसा, जाळल्यावर वास आला बरा, नाही असं नाही, पण लाख रुपये? ज्यानं रोपं दिली त्याचा 'बायबॅक'वाला, म्हणजे 'माल आम्हीच परत विकत घेऊ'वाला नंबर तोपर्यंत बंद झालेला होता.

आसामात लोक जगतात यावर, ते का जगतात तेही ऐका. गोलाघाट-जोरहाटकडे घरामागच्या परसात सुपारी असते, तुमच्यासारखीच, आणि त्या सुपारीत मधेमधे सांचीची झाडं, तिकडे अगरच्या झाडाला सांची म्हणतात. त्याच्या सालीवर जुन्या पोथ्या लिहिलेल्या आहेत, सांचीपात म्हणतात त्याला. म्हणजे झाड पिढ्यान्पिढ्या तिथलं, किडा तिथला, बुरशी तिथली, आणि मुख्य म्हणजे घेणारा तिथला. व्यापारी येतो, उभ्या झाडाकडे बघतो, खोडाला गाठी आल्यात का, भोकातून भुसा पडतोय का, शेंडा वाळतोय का, आणि आपलं झाड असं रडायला लागलं की आपण औषध मारू ना, तिथे घरमालक खूश होतो. असं जाणकार डोळ्यांचं गिऱ्हाईक तुमच्या कुडाळच्या बाजारात कुठून आणणार?

म्हणून एजंटला एवढंच विचारा की तुमच्या रोपांतलं तोडलेलं, विकलेलं एक झाड दाखवा आणि कुणी घेतलं त्याची पावती दाखवा. रोपवाटिका नको, फोटो नको, तोडलेलं झाड. शिवाय तोडायला आणि वाहतुकीला वनखात्याची कुठली परवानगी लागेल ते रेंज ऑफिसात जाऊन स्वतः विचारून या, त्याच्या तोंडून ऐकू नका. आणि सुपारी काढून अगर लावू नका एवढं ऐका माझं. सुपारीच्या मधे दहा-पंधरा लावलीत, आणि पानं खाणारी अळी येते तिच्यावर लक्ष ठेवलंत, ती आली की झाडाचा खराटा करून टाकते, तर मी काही अडवणार नाही.

माझ्या भावानं मस्कतहून 'दहन अल ऊद'ची बाटली पाठवली, इंडियन आहे असं लिहिलंय. उघडली तर अक्षरशः गोठ्याचा वास! सासूबाई म्हणाल्या बाहेर ठेव. फसवलं का त्याला? – नाशिकच्या एक ताई

नाही ताई, उलट बरी बाटली असावी. 'दहन अल ऊद' म्हणजे अगरचंच तेल, आखातात आपल्याकडच्या या तेलाला 'हिंदी' म्हणतात आणि तो गोठा त्याची ओळखच आहे. जुने अरब गिऱ्हाईक पहिल्यांदा तोच वास शोधतात, तो नसला तर नाक मुरडतात.

वास कुठून येतो ते सांगते, कारण होजाईत गाडीतून उतरल्या उतरल्या मला तुमच्या सासूबाईंसारखंच झालं होतं. गुवाहाटीहून लुमडिंगच्या बाजूला जाताना होजाई स्टेशन लागतं, तिथून पुढे नीलबागानकडे घराघरात हा धंदा. ज्या घरात मी गेले तिथे अंगणात निळे प्लास्टिकचे ड्रम ओळीनं मांडलेले, त्यात अगरचा भुगा पाण्यात भिजत टाकलेला, वर तपकिरी फेस आणि बुडबुडे. किती दिवस झाले विचारलं तर म्हातारा म्हणाला याला पंधरा दिवस झाले, त्याला महिना होऊन गेला, कोपऱ्यातला तो अजून ठेवायचाय. म्हणजे अगर चक्क आंबवतात. लाकूड मऊ पडतं, राळेच्या पेशी मोकळ्या होतात आणि तेल सुटायला सोपं जातं असं ते लोक सांगतात, पण त्याबरोबर आंबल्याचा जो वास येतो, आंबोणाचा म्हणा, ताकाच्या जुन्या मडक्याचा म्हणा, तो तेलात उतरतोच. कंबोडिया-थायलंडकडे काही जण कमी भिजवतात, त्यांचं तेल गोडसर, फळांसारखं लागतं.

त्या आधीचं काम तर भिजवण्यापेक्षा मोठं. ओंडका फोडून त्याच्या फाका करतात आणि मग माणसं रांगेनं पाटावर बसून छोट्या पटाशीनं पांढरं लाकूड खरवडत बसतात, काळ्याला धक्का न लावता. काळे, जड तुकडे डेगमध्ये, म्हणजे तेल काढायच्या मोठ्या भांड्यात, जातच नाहीत, ते जाळण्यासाठी चिप्स म्हणून विकले जातात, त्यालाच खरा पैसा. डेगमध्ये जातं ते हलकं, फिकट, राळेचा नुसता हात लागलेलं लाकूड, 'धूम' म्हणतात त्या ग्रेडला. आणि अगदीच पांढऱ्या लाकडापासून काढतात ते 'बोया' तेल, स्वस्त, पातळ, ते लक्षात ठेवा, खाली परत येणार आहे.

मग भिजवलेला भुगा पाण्यासकट डेगमध्ये, खाली लाकडाचा जाळ, वरून नळी निघून पाण्याच्या हौदातून जाते, आत वाफ थंड होते आणि टोकाला भांड्यात पाणी आणि पाण्यावर तेल. ऐकायला गुलाबपाण्यासारखंच आहे, पण गुलाब काही तासांत संपतो आणि अगरचा डेग दिवसरात्र चालू, चार दिवस, आठ दिवस, काही ठिकाणी त्याहून जास्त. या तेलातली द्रव्यं जड असतात, सहज वाफेवर चढत नाहीत, ती चिमूट चिमूट येतात. रात्री जाळ कमी झाला तर सगळं अडतं म्हणून कुणीतरी बाजेवर तिथेच झोपतं. सकाळी भांड्याच्या पाण्यावर मधासारख्या रंगाचा पातळ तवंग असतो. म्हाताऱ्यानं काय केलं, तळहात अलगद त्या तवंगावर टेकवला, उचलला आणि वाटीच्या काठावर निपटला. परत टेकवला, परत निपटला. ना फनेल ना ड्रॉपर. मी म्हटलं चमच्यानं का नाही घेत, तर हसला आणि हात माझ्या नाकाजवळ धरला. संध्याकाळी हॉटेलवर साबणानं तीनदा हात धुतले तरी माझ्याच बोटांना येत होता तो वास, आणि गंमत म्हणजे तोवर गोठा गेलेला होता, मागे राहिलं होतं काहीतरी गोड, उदासारखं, जुन्या लाकडी कपाटासारखं.

तेव्हा तुम्ही पण तेच करा. थेंब मनगटावर लावा, सासूबाईंपासून लांब बसा आणि दोन तास थांबा. मग त्यांनाच हात पुढे करून विचारा.

मी निवृत्त इंजिनीअर आहे. मुंबईत मोहम्मद अली रोडवरून 50 ग्रॅम अगरच्या चिप्स आणल्या. कुकरच्या शिट्टीच्या जागी तांब्याची नळी बसवून तेल काढावं म्हणतो. प्रेशर किती ठेवू? – ठाण्याचे एक काका

काका, शून्य ठेवा. म्हणजे करूच नका.

आधी हिशोब, तुम्ही इंजिनीअर आहात म्हणून. डेगमध्ये जाणाऱ्या लाकडातून साधारण 0.1 ते 0.2 टक्के तेल मिळतं. क्विंटलभर भुग्यातून शंभर-दोनशे ग्रॅम. तुमच्या 50 ग्रॅममधून, चिप्स चांगल्या आहेत असं धरून 0.2 टक्के मानलं तरी 0.1 ग्रॅम, म्हणजे दोन-तीन थेंब. तेवढे तुमच्या तांब्याच्या नळीच्या आतल्या भिंतीलाच चिकटून बसतील, भांड्यात उतरणार काय? आणि त्यासाठी चार-पाच दिवस गॅस. शिवाय भुगा फुगतो, उकळीबरोबर वर येतो, नळीचं तोंड बुजवतो, आणि बंद कुकरचं तोंड बुजलं की काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. काकूंचं स्वयंपाकघर आहे ते.

जाळायच्या चिप्स जाळा. निखाऱ्यावर थेट टाकू नका, करपतात आणि नुसता धूर होतो. निखाऱ्यावर राखेचा थर द्या, त्यावर तांदळाएवढा तुकडा, तो फसफसून त्याच्या कडेला तेलाचे बुडबुडे दिसले पाहिजेत. 50 ग्रॅम असे तुम्हाला वर्षभर पुरतील. डिस्टिलेशनची हौसच असेल तर काचेचं क्लेव्हेंजर उपकरण मिळतं, उघड्या दाबावर चालतं, त्यात गवती चहा घाला, बागेतलाच, दोन-तीन तासांत डोळ्यांना दिसेल एवढं तेल वर येईल आणि नातवंडांना पण मजा वाटेल.

केमिस्ट्रीत एमएस्सी करतेय. अगर जाळल्यावर येणारा वास आणि त्याच्या तेलाचा वास वेगळा का येतो? एकाच लाकडातलं आहे ना दोन्ही? – पुण्याची विद्यार्थिनी

छान विचारलंस गं, हे धंद्यातल्या लोकांनाही चटकन सांगता येत नाही. राळेत ढोबळ मानानं दोन कुळं आहेत. एक सेस्क्विटर्पीन, पंधरा कार्बनवाली, ती वाफेबरोबर हळूहळू का होईना वर चढतात आणि तेलात येतात. दुसरं कुळ क्रोमोन्सचं, नीट सांगायचं तर फिनाइलएथिल क्रोमोन्स, ती जड, वाफेवर फारशी चढतच नाहीत, थंड असताना त्यांना वासही नसतो म्हण ना. पण निखाऱ्यावर ती तुटतात आणि त्यांच्यातून बेन्झाल्डिहाइडसारखे छोटे सुवासिक तुकडे सुटतात, तो गोड, धुपासारखा वास त्यांचा. ती डेगमध्ये तळाच्या भुग्यातच राहून जातात. म्हणून तेल म्हणजे अर्धाच अगर. सुपरक्रिटिकल पद्धतीनं, म्हणजे खूप दाबाखालच्या कार्बन डायऑक्साइडनं काढलेल्या अर्कात क्रोमोन्सही बऱ्यापैकी येतात, त्याचा वास जाळलेल्या अगरच्या जास्त जवळ जातो, पण ते घट्ट असतं आणि जुन्या गिऱ्हाइकाला ते 'तेल' वाटत नाही.

आणि तुला एक सांगू, तू पुण्यात आहेस तर तुझ्या पाषाणच्या रस्त्यावरचीच गोष्ट आहे ही. अगरच्या तेलातली अगरोफ्युरान आणि अगरोस्पायरॉल ही द्रव्यं, त्यांची रचना 1960 च्या दशकात सुटली ती राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, एनसीएलमध्ये, एस. सी. भट्टाचार्य यांच्या गटानं सोडवली. त्या काळात आजच्यासारखी मशिनं नव्हती, स्पायरो सांगाडा, म्हणजे एकाच कार्बनवर जोडलेली दोन कडी, आहे हे ओळखायला एकेक रिॲक्शन करून पायरीपायरीनं जावं लागायचं. 'टेट्राहेड्रॉन'चे 1963 आणि 1965 चे अंक लायब्ररीत काढून बघ, माझ्यापेक्षा चांगलं कळेल तुला त्यातून.

ऊद, अगर, लोबान, अगर-अगर हे सगळं एकच का? दुकानात ऊद मागितला की पांढरट खडे देतात. – बऱ्याच जणांचा प्रश्न

दुकानदार बरोबर आहे आणि तुम्हीही बरोबर आहात, घोळ शब्दाचा आहे. अरबीत 'ऊद' म्हणजे लाकूड, काठी, त्यावरून अगरच्या लाकडालाच ते ऊद म्हणतात, त्यांच्या त्या तंतुवाद्याचंही नाव तेच. आपल्या मराठीत मात्र 'ऊद' हा शब्द येता येता दुसऱ्याच सुवासिक खड्यांना चिकटला, दुकानात मिळतो तो लोबानाचा खडा, झाडाचा डिंक, लाकूड नव्हे. गुरुवारी देवापुढे 'ऊद घालतात' तो हा. आणि तरी आपण काडीला म्हणतो उदबत्ती, हिंदीवाले म्हणतात अगरबत्ती, म्हणजे दोघांच्याही नावात तेच एक झाड आहे आणि बहुतेक पुड्यांत ते झाड औषधालाही नाही.

अगर-अगर हे तर समुद्री शेवाळाचं, चायनाग्रास, पुडिंगमध्ये घालतात ते. एका वाचक ताईंनी ऑनलाइन अगरची पावडर मागवली आणि निखाऱ्यावर टाकली, आणि घरभर जळका वास का आला म्हणून मला विचारलंय. ताई, उरलेल्याचं आंब्याचं पुडिंग करा.

तेल अस्सल आहे हे घरच्या घरी कसं ओळखायचं? पाण्यात टाकून बघायचं असतं ना? – साताऱ्याहून

पाण्यात बुडवायची परीक्षा लाकडाची आहे हो, तेलाची नाही, तेल तर तुम्ही वर वाचलंतच, पाण्यावरच तरंगतं. आणि लाकडाचीही आता भरवशाची राहिली नाही, साधं लाकूड दाबून, रंगवून, तेलात मुरवून 'काळा अगर' म्हणून विकतात, ते मस्त बुडतं. तुकडा सगळीकडून सारखाच काळा असेल तर संशय घ्या, खऱ्यात फिकट आणि गडद रेघा एकमेकींत मिसळलेल्या असतात. ओल्या टिश्यूवर घासा, रंग उतरला की समजा.

तेलाच्या भेसळीत मी स्वतः लॅबमध्ये जास्तीत जास्त पाहिलेलं म्हणजे बोया तेल, तेच पांढऱ्या लाकडाचं, आणि डीओपी, ते प्लास्टिक मऊ करायला वापरतात ते द्रव्य, बिनवासाचं, घट्ट, वजनाला मस्त. जीसी-एमएसला, म्हणजे मिश्रणातली द्रव्यं वेगळी करून ओळखणाऱ्या मशिनला, लावलं की डीओपीचा सुळका असा उभा राहतो की लपवायला जागा नाही. तिसरी नागरमोथ्याच्या तेलाची. आपला दिवाळीच्या उटण्यातला नागरमोथाच. त्याचं तेल धुरकट, लाकडी, मातकट असतं आणि मॉलमध्ये 'ऊद' म्हणून मिळणाऱ्या अनेक परफ्यूममागे तोच उभा असतो. तो वाईट नाहीये, मला स्वतःला आवडतो, फक्त नागरमोथ्याच्या भावात घ्यावा.

घरी एवढं करा. कागदाच्या पट्टीवर एक थेंब ठेवा आणि विसरून जा. एक तासानं, रात्री, दुसऱ्या दिवशी सकाळी हुंगा. खरं तेल दर वेळी थोडं वेगळं सांगतं आणि तिसऱ्या दिवशीही काहीतरी शिल्लक असतं. पहिल्या सेकंदापासून शेवटपर्यंत एकच सूर लागत असेल किंवा रात्रीत सपाट होत असेल तर तुम्हाला अगर मिळालेला नाही. तोळाभर तेल घेणार असाल, तोळा म्हणजे 11.66 ग्रॅम, तर पैसे द्यायच्या आधी लॅबचा रिपोर्ट मागा, दुकानदाराला राग आला तर उठा तिथून.

दुबईहून येताना अगर आणि तेल आणलं तर विमानतळावर अडवतात का? – एक प्रवासी

अगरची झाडं जगभरात इतकी तोडली गेली की साइट्स करारात, म्हणजे धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या करारात, आपलं आसामवालं झाड 1995 पासून आहे आणि 2005 पासून तर अगर देणाऱ्या त्याच्या सगळ्या भाऊबंद जातीही त्यात आल्या. व्यापारासाठी न्यायचं तर परवाना लागतोच. आपल्याकडून बाहेर पाठवायलाही कोटा आहे, एप्रिल 2024 पासून तो वाढवला, वर्षाला चिप्स आणि पावडर मिळून 1,51,080 किलो आणि तेल 7,050 किलो.

स्वतःच्या वापरासाठी मात्र साइट्समध्ये माणशी एक किलो चिप्स, 24 मिली तेल आणि माळांचे दोन संच एवढी सूट ठेवलीय. 24 मिली म्हणजे आपले साधारण दोन तोळे. पण एखादा देश त्याहून कडक नियम करू शकतो, म्हणून निघायच्या आधी दोन्हीकडच्या कस्टम्सची माहिती बघा, बिल जवळ ठेवा आणि भावाच्या मित्राची बाटली आपल्या बॅगेत घेऊ नका.

तेल आयुर्वेदिक आहे म्हणून रोज दोन थेंब दुधातून घ्यावं असं रीलमध्ये पाहिलं.

नको. अगरू आयुर्वेदात आहे ते वैद्यांच्या हातात राहू दे, बाजारच्या बाटलीत डीओपी असू शकतं हे वर वाचलंत ना? पोटात काही घालू नका.

आमचा कोल्हापूरजवळ उदबत्तीचा छोटा उद्योग आहे. तेल काढून झाल्यावर डेगमधला भुगा फेकून देतात का? तो आम्हाला स्वस्तात मिळेल का? – एक उद्योजक

फेकत नाहीत हो, अजिबात नाही. होजाईत डेग रिकामा केला की तो भुगा रस्त्याच्या कडेला प्लास्टिकवर पसरून वाळवतात, कोंबड्या त्यावरून फिरत असतात, आणि वाळला की पोत्यात भरून उदबत्तीवाल्यांना विकतात. क्रोमोन्स आतच राहतात असं वर त्या मुलीला सांगितलं ना, म्हणून त्यात जाळायला अजून जीव असतो. मिळेल तुम्हाला, पण भाव ठरवायच्या आधी दोन गोष्टी. एक म्हणजे तो बोयाच्या डेगचा भुगा आहे की धूमचा ते विचारा, बोयाचा म्हणजे नुसता लाकडाचा भुसा. दुसरं, पोतं उघडून हात आत कोपरापर्यंत घाला, वर वाळलेला आणि आत ओला असतो बऱ्याचदा, तुम्ही पाण्याचे पैसे देता आणि आठ दिवसांत गोदामात हिरवी बुरशी, आणि ती बुरशी काही अगर करणारी नसते. मी एक पोतं नमुन्याला आणलं होतं ट्रेननं, लुमडिंगपासून कुर्ल्यापर्यंत, शेजारच्या बर्थवरच्या काकूंनी दुसऱ्याच दिवशी टीसीला सांगून जागा बदलून घेतली.